शिपायाच्या कामाचे मोजमाप
(अभ्यासवर्गातील भाषण)

शिपायाच्या श्रमाचे माप कसे घ्यावे? कारखान्यात निदान नग मोजता येतात. शांततेच्या काळात शिपाई काय निर्माण करतो? अमेरिकी सरकारला १९८० साली हा प्रश्न चांगलाच अडचणीचा ठरला.

तेथील सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली. येईल त्या तरुणाची लेखी परीक्षा घेऊन निवड होई. १९७६ साली आणलेल्या नव्या परीक्षेत गुणांचे कोष्टकच चुकले, खालचे गुण फुगले आणि १९८० पर्यंत एरव्ही अपात्र ठरले असते असे तीन लाखांहून अधिक तरुण सैन्यात शिरले. आकाश कोसळले नाही; त्यांतील पुष्कळांनी नोकरी नीट पार पाडली. साहजिकच तेथील संसदेने विचारले, या गुणांचा प्रत्यक्ष कामाशी संबंध काय? संरक्षण खात्यापाशी धड उत्तर नव्हते. तोवर गुणांचा पडताळा मुख्यतः प्रशिक्षणशाळेच्या निकालांशी घेतला गेला होता. म्हणजे एका परीक्षेला दुसऱ्या परीक्षेची साक्ष!

मग चारही सेनादलांनी काम करवून पाहिले. जखम बांधणे, अडकलेले शस्त्र मोकळे करणे, यंत्र दुरुस्त करणे. शेजारी निरीक्षक उभा राहून प्रत्येक पायरीची नोंद करी. वरिष्ठांचे शेरेही गोळा झाले. आपल्या कचेऱ्यांतील गोपनीय अहवाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा शेऱ्यांची किंमत सांगायला नको.

लेखी गुण आणि कामातील कौशल्य यांचा संबंध आढळला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो मध्यम होता, ०.४च्या आसपास. मात्र कृष्णवर्णीय व गोरे शिपाई यांच्या सरासरीत लेखी परीक्षेत जी तफावत दिसे, ती हातच्या कामात निम्म्याहूनही कमी भरली. कागदावर मागे पडलेला माणूस कामात तितका मागे नव्हता. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९९१ साली हे नोंदवले.

तरीही दारावर लेखी परीक्षाच राहिली. प्रात्यक्षिक महाग पडते, शिवाय काम न शिकलेल्या उमेदवाराकडून ते करवून घेणार तरी कसे? जमलेल्या आकड्यांतून कोणत्या गुणांची किती माणसे घेतली म्हणजे खर्च कमी होईल, याचे गणित बांधण्यात आले. त्या गणितातली सारी माणसे भरती झालेली होती. दारावरून परत पाठवलेल्या तरुणाचे काम कोणी मोजले नाही.