मिठाच्या खड्यातला लहानमोठेपणा

पनवेल-उरण पट्ट्यात एके काळी खाडीला लागून मिठागरं होती. १९७० साली सिडको आली, नवी मुंबई उभी राहू लागली आणि त्यातली बरीचशी भरावाखाली गेली. मिठाचे ते पांढरे ढीग जुन्या पनवेलकरांना अजून आठवतात. आज बोलायचंय ते त्या मिठातल्या अणूंच्या आकाराबद्दल.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. आवर्तसारणीत दोघेही तिसऱ्या ओळीत. सोडियम डाव्या टोकाला, क्लोरीन थेट उजवीकडे, सातव्या घरात. सोडियमपाशी ११ इलेक्ट्रॉन, क्लोरीनपाशी १७. मग क्लोरीन मोठा असणार, नाही का? उलटंच आहे. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. या ओळीत येणारा प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कक्षेत बसतो, पण केंद्रकातला धनभार दर मूलद्रव्याला एकाने वाढतो. ओढ वाढते, अणू आक्रसतो. गणात, म्हणजे उभ्या रांगेत, खाली उतरलं की मात्र दरवेळी नवी कक्षा. म्हणून लिथियम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २३१. दहावीची मुलं हे घडाघडा सांगतात. खरी गंमत पुढे आहे.

मीठ होताना सोडियम आपला बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. त्याची तिसरी कक्षाच रिकामी होते, उरतात १०२ पिकोमीटर. तो इलेक्ट्रॉन घेऊन क्लोरीन फुगतो, १८१ होतो. म्हणजे खड्यात थोरला क्लोरीनच!

सोडियमचा उजवा शेजारी मॅग्नेशियम. अणू १६०चा, दोन इलेक्ट्रॉन गेल्यावर अवघा ७२. खाडीच्या पाण्यात तोही असतो. मीठ पिकल्यावर मागे राहणाऱ्या कडू पाण्यात तो साठतो आणि थोडा खड्यांना चिकटून आपल्या घरी येतो. एवढ्याशा जिवावर दुप्पट धनभार, त्यामुळे पाण्याचे रेणू तो घट्ट धरतो. शुद्ध मीठ पाझरायला हवेत ७५ टक्के आर्द्रता लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरते. पनवेलच्या पावसाळ्यात दोन्ही पाझरतील म्हणा. पण न धुतलेलं खडेमीठ जुलैची वाट बघत नाही, ते मे महिन्यातच हाताला ओलसर लागतं.