तळपायांची सेवा : आराम किती, उपचार किती

(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

तळपाय दाबल्याने रोग बरे होतात काय, असा प्रश्न आम्हांस रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारतात. त्याचे उत्तर आज थोडे सविस्तर देण्याचा मानस आहे.

पायांना तेल चोळणे आपल्याकडे नवे नाही. चरकसंहितेत आणि वाग्भटांच्या अष्टांगहृदयात पादाभ्यंगाचे गुण वर्णिले आहेत. नवविधा भक्तीतही पादसेवनाला स्थान आहे. रिफ्लेक्सॉलॉजी मात्र या परंपरेतून आलेली नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे १० उभे पट्टे कल्पिले आणि १९१७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी त्यातून तळपायाचा नकाशा तयार केला. अंगठ्यात मस्तक, तळव्याच्या मध्यभागी पोटातील अवयव, अशी ती मांडणी आहे. तळव्यावरील अमुक बिंदूचा यकृताशी वा मूत्रपिंडाशी असा संबंध शरीररचनाशास्त्राला आढळलेला नाही. म्हणून तळवा दाबून कोणी निदान सांगितल्यास त्यावर विसंबू नये. चालू औषध तर मुळीच थांबवू नये.

मग या सेवेत काहीच नाही काय? आहे, आणि ते थोडके नाही. मायेच्या हातांनी १०-१५ मिनिटे पाय चोळले की थकवा हलका होतो, मन निवते, पुष्कळांना झोप लागते. परगावी, अनोळखी खाटेवर पडलेल्या माणसाला हा दिलासा मोलाचा वाटतो. काशाच्या वाटीनेही असाच आराम मिळतो. (वाटीने घासल्यावर तळवे काळे पडतात, ती अंगातली उष्णता नव्हे, काशातील धातू तुपात उतरून तो काळेपणा येतो.)

आमचा खरा आग्रह मधुमेही रुग्णांविषयी आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. तपासणीत १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून आम्ही हेच पाहतो. अशा पायांना गरम तेल वा शेक देऊ नये, जोर लावू नये, जखम असल्यास चोळूच नये. परंतु हळुवार हात फिरवताना तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या उजेडात अवश्य पाहाव्यात. लहानशी भेग, फोड, बदललेला रंग त्याच दिवशी दिसला आणि दाखवला, तर पाय वाचू शकतो. बेचक्यांत तेल राहू देऊ नये. उठण्यापूर्वी तळवे पुसावेत, नाहीतर फरशीवर पाय घसरतो.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ती चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. परिचारिकेस तत्काळ कळवावे. शस्त्रक्रियेनंतर किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असता आधी डॉक्टरांना विचारावे.

देणगीदारांना एक छोटीशी विनंती. नातेवाईक रुग्णाच्या पायथ्याशी वाकून उभे राहतात आणि त्यांचीच कंबर धरते. प्रत्येक कक्षात बसकी स्टुले आणि पाय पाहण्यापुरता चांगला दिवा, एवढे येत्या वर्षी व्हावे, अशी आमची इच्छा आहे.