ताटकळण्याचे राजकारण : ‘सिंहासन’ पुन्हा पाहताना

(कांजूरमार्ग येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘मराठी राजकीय चित्रपट : एक आढावा’ असा छापला गेला आहे. आढावा घेणे हे माझे काम नव्हे, असे मी कार्यवाहांना वेळीच कळविले होते. परंतु तोवर पत्रिका छापखान्यात गेलेली असल्यामुळे विषयही तोच राहिला आणि वक्ताही तोच राहिला. (हशा) तेव्हा शिरस्ता पाळल्याची नोंद दप्तरी व्हावी एवढ्यापुरते ‘सामना’चे नाव घेतो, आणि उरलेला सारा वेळ ‘सिंहासन’ला देतो.

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, त्यांना एकत्र गुंफणारी विजय तेंडुलकरांची पटकथा, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि १९७९ हे साल, हे सर्व आपणांस मुखोद्गत आहे. मुख्यमंत्र्यांना एक निनावी दूरध्वनी येतो, आपल्याच माणसांनी आपल्याविरुद्ध कट रचल्याची खबर त्यांना मिळते आणि संशयाची सुई अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्याकडे वळते, हे कथानकही मी पुन्हा सांगत नाही. मुख्यमंत्र्यांचे नाव जिवाजीराव शिंदे. (हशा) आपण का हसलात ते मला कळले. हा चित्रपट पडद्यावर आला तोपर्यंत त्या आडनावाचा मुख्यमंत्री महाराष्ट्राने पाहिलेला नव्हता; पुढे २००३ साली एक पाहिला आणि २०२२ साली दुसरा. यापलीकडे मी काही बोलणार नाही, कारण या सभागृहातील पंखे कोणाच्या निधीतून बसविले गेले ते समोरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगविलेले मला येथून वाचता येते. (हशा, टाळ्या)

आता मुद्द्याकडे येतो. ‘सिंहासन’ संथ आहे, असा त्याच्यावर एक जुना आक्षेप आहे. प्रथमदर्शनी तो खराही वाटतो. कारण पहिल्या वेळी आपले सारे चित्त कोण टिकतो आणि कोण पडतो या एकाच प्रश्नाला जखडलेले असते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर लवकर न देणारे प्रत्येक दृश्य आपणांस निष्कारण लांबविलेले भासते. परंतु निकाल ठाऊक झाल्यानंतर, म्हणजे उत्कंठेचे ओझे उतरल्यानंतर, जो प्रेक्षक पुन्हा या चित्रपटासमोर बसतो त्याला एक निराळेच नाट्य दिसू लागते: कोण कोणासाठी थांबला आहे, कोणाला खुर्ची दिली गेली आणि कोणाला उभेच ठेवले गेले, कोण बोलून मोकळा झाला आणि कोण ऐकत राहिला. माझे मत असे, आणि ते मी वर्षानुवर्षे ज्याला त्याला ऐकवीत आलो असल्यामुळे माझ्या घरात त्याचा पुरेसा धसका घेतला गेला आहे, की सत्ता म्हणजे दुसऱ्याला ताटकळत ठेवण्याचा अधिकार होय, आणि हे सत्य मराठीत कोणी पडद्यावर आणले असेल तर ते ‘सिंहासन’ने. संथपणा हा त्या चित्रपटाचा दोष नव्हे. तो त्याचा विषय आहे.

यासाठी पात्रयोजना पाहावी. ‘सामना’मध्ये याच दिग्दर्शकाने, तेंडुलकरांच्याच लेखणीच्या साहाय्याने, निळूभाऊ फुल्यांना सहकारी साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील केले होते आणि डॉ. श्रीराम लागूंना त्यांच्या समोर उभा ठाकणारा फाटका मास्तर. ‘सिंहासन’मध्ये पारडे उलटले आहे: लागू सत्तेसाठी आसुसलेले दाभाडे झाले आणि निळूभाऊ सत्तेच्या दारात वावरणारे पत्रकार दिगू टिपणीस. ज्यांच्या नुसत्या प्रवेशाने ग्रामीण प्रेक्षागारातील स्त्रिया कडाकडा बोटे मोडीत, त्या नटाला येथे जवळजवळ काहीच करावयाचे नाही. फक्त पाहावयाचे आहे. पहिल्या खेपेस आपण बोलणाऱ्याकडे पाहतो, दुसऱ्या खेपेस ऐकणाऱ्या टिपणीसकडे. त्या चेहऱ्यावर उपहास आणि थकवा यांची जी सरमिसळ आहे ती पाहण्यासाठी कथानक आधी माहीत असणे हीच पात्रता लागते. आणि अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री! तमाशापटांच्या या देखण्या नायकाने येथे उतावीळपणा समूळ टाकून दिला आहे. घाई असते ती दाभाड्यांना. आणि ज्याला घाई आहे तो हरण्याच्या बाजूला बसलेला असतो. लागू कानानाकाघशाचे शल्यविशारद, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वतः दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, अशी तीन डॉक्टर मंडळी एका चित्रपटात असल्यामुळे रोग्याला बाहेर बसविण्याची कला त्यांना अवगत असावी, हा माझा तर्क. (हशा)

ताटकळण्यावरून एक हकीकत थोडक्यात सांगतो. तरुणपणी वडिलांच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी मला एका सरकारी कचेरीत जावे लागे. कचेरीचे नाव सांगत नाही. साहेबांच्या दालनाबाहेर एक लांब बाक होते, ज्याच्या एका टोकाचा खिळा वर आलेला असल्यामुळे त्या टोकाला नेहमी नवखा मनुष्य बसे. आपले नाव चिठ्ठीवर लिहून शिपायाकडे द्यावे, शिपायाने ती आत नेऊन कागददाबाखाली ठेवावी, आणि मग आतली घंटा वाजली की बाकावरील आम्हां सर्वांच्या माना एकदम वळाव्यात, असा तेथील क्रम. घंटा बहुधा चहासाठी असे. हळूहळू माझ्या ध्यानात आले की शिपाई चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने नेत नाही. कोणाची चिठ्ठी वर ठेवावी आणि कोणाची तळाशी दडपावी याचा एक स्वतंत्र कायदा त्याच्या मनात होता, आणि त्या कायद्यात साहेबांनाही हस्तक्षेप करण्याची मुभा नव्हती. एकदा एक पुढारी आले. त्यांना चिठ्ठी लिहावी लागली नाही. पण आत साहेब नव्हते, म्हणून त्यांनाही बसावे लागले, आणि जागा होती ती नेमकी खिळ्याजवळची. (मोठा हशा) त्या घटकाभरात पुढाऱ्यांच्या मुद्रेवर जो भाव होता, तोच पुढे मी लागूंच्या दाभाड्यांत पाहिला. ही हकीकत योजल्यापेक्षा लांबली, याची मला जाणीव आहे. अध्यक्षांनी मघाशीच घड्याळ उजव्या हातात घेतले आहे.

कामगार पुढारी डिकास्टाविषयी बोलणे मात्र येथे टाळता येत नाही. सतीश दुभाषींनी रंगविलेला हा पुढारी एकीकडे कामगारांचा आणि दुसरीकडे सत्ताधाऱ्यांच्या मसलतीतला. आणि आपण लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कारखान्यांत उमेद घालविलेली माणसे असल्यामुळे तो आपणांस झोंबणार हे उघड आहे. (प्रेक्षकांतून : आमचे डॉक्टर तसे नव्हते!) मी त्यांचे नावही घेतलेले नाही, साहेब. डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप १९८२चा, चित्रपट त्याच्या तीन वर्षे आधीचा. आणि १९९७ साली येथून जवळ पवईत त्यांचा खून झाला तेव्हा या भागात काय वातावरण होते ते आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. माझे म्हणणे एवढेच की डिकास्टाकडेही थोपवून धरण्याचे बळ आहे: मंत्री फायली थांबवितात, तो यंत्रे थांबवितो. म्हणूनच तर दाभाड्यांना त्याची गरज वाटते. आपला राग मी चित्रपटाच्या यशात जमा धरतो.

आणि कांजूरकरांना थांबण्याचे महत्त्व मी काय सांगावे? २०२० साली मेट्रोची कारशेड आरेतून येथील मिठागरांच्या जमिनीवर आणण्याचे ठरले. जमीन राज्याची की केंद्राची यावर दोन्ही सरकारांत जुंपली. डिसेंबरात उच्च न्यायालयाची स्थगिती आली. आणि २०२२ साली मंत्रिमंडळ बदलताच ती कारशेड पुन्हा आरेत गेली. साधूंना या विषयावर कादंबरी लिहिता आली असती. (हशा) त्या कादंबरीतही पळापळ कमी आणि तारखा पुष्कळ असत्या.

कोस्टा-गाव्रास यांच्या १९६९च्या ‘झी’शी तुलना मी योजून आणली होती, ती आता कागदावरच राहणार. सुरेश भटांच्या गीताला हृदयनाथांनी दिलेल्या चालीबद्दलही बोलावयाचे होते. पण एक चिठ्ठी आली आहे तिचे उत्तर देणे भाग आहे. चिठ्ठीत विचारले आहे की, हा चित्रपट अर्ध्या तासाने आखूड केला असता तर बिघडले काय असते? महाशय, कात्री कोठे चालली असती ते सांगतो. कट राहिला असता, भाषणे राहिली असती, आणि टिपणीस गेला असता. तो कोणाला पाडीत नाही, कोणाला चढवीत नाही. कथानकाच्या हिशेबात तो अधिक उणे शून्य. पण जे इतर सारे काही तरी मिळविण्यासाठी थांबलेले असतात, त्यांच्यात काहीही मिळवावयाचे नसताना थांबलेला तोच एक मनुष्य आहे, आणि भान सुटते तेही त्याचेच. म्हणून पुढच्या वेळी पाहाल तेव्हा संवादांकडे थोडे दुर्लक्ष करा आणि बसले कोण, उभे कोण, एवढेच टिपून ठेवा. कोणाचा हिशेब माझ्याहून निराळा आला तर मला पत्राने कळवावे. कारण प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही, असे अध्यक्ष आता खुणेने नव्हे, तर उघड शब्दांत सांगत आहेत.