गर्भवतीचा ताप : पहिले दोन दिवस मोलाचे

(दिंडोशी येथे महिलांसमोर दिलेल्या भाषणावरून)



पावसाळा आला की दिंडोशीच्या दाट वस्त्यांत सर्दी, खोकला व ताप यांचा फेरा सुरू होतो. बहुतेकांचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो. परंतु घरात गर्भवती स्त्री असेल, तर इन्फ्लुएंझाला ‘साधा फ्लू’ समजणे धोक्याचे ठरते.

मुंबईला या रोगाची ओळख जुनी आहे. १९१८ च्या जूनमध्ये शहरात शिरलेल्या साथीने पावसाळा सरताना उग्र रूप धारण केले. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. २००९ च्या स्वाइन फ्लूने गर्भवतींचा धोका अधिक स्पष्ट केला. अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भवती सुमारे १ टक्का. त्या साथीतील मृतांत मात्र त्या सुमारे ५ टक्के होत्या.

याचे कारण शरीरातच आहे. गर्भ वाढू लागला की श्वासपटल वर ढकलले जाते व फुप्फुसांना जागा अपुरी पडते. प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. हृदयावर अधिक भार असतो आणि प्रतिकारशक्तीतही बदल होतो. अशा वेळी न्यूमोनिया झाल्यास मातेच्या जिवाला धोका संभवतो; बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची भीतीही वाढते.

“पोटात बाळ आहे, औषध नको,” असे म्हणून काढ्यावर दिवस काढणे हीच खरी चूक होय. फ्लूवरील ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. डॉक्टर ते गर्भवतींनाही देतात. स्वतःच्या मनाने मात्र कोणतेही औषध घेऊ नये. धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे ही लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रतिबंधाचा मार्गही उपलब्ध आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींना फ्लूची लस विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. टोचून देण्याच्या या लसीत जिवंत विषाणू नसतात. त्यामुळे तिच्यापासून फ्लू होत नाही. सहा महिन्यांखालील बालकांना ही लस देता येत नाही. मातेने ती घेतल्यास तिचे संरक्षण गर्भातील बाळालाही लाभते. तपासणीच्या वेळी लसीची चौकशी अवश्य करावी.

गर्भवती सहसा आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. घरकामही थांबवीत नाही. म्हणूनच तिच्या तापाची पहिली दखल सासूबाईंनी व पतीने घ्यावयास हवी. त्या दोन दिवसांतील तत्परता दोन जीव वाचवू शकते.