आदामाच्या सुनेचे माहेर
(बोरिवलीकडील एका गावठाणात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभेत कोळी आहेत, कुणबी आहेत, भंडारी, सुतार, कुंभार आहेत. कोणी देवळातून उठून आले, कोणी चर्चमधून. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम असा घेतला आहे की, ज्यात दोघांचीही कसोटी लागावी. बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकात पहिला मनुष्य कसा झाला हे सांगितले आहे. त्यावर आपली शाळकरी पोरे जे प्रश्न विचारतात व जे ऐकून वडीलमंडळी डोळे वटारतात, ते आज उघड्यावर मांडू.

ही कथा आपल्या मुलखास नवी नाही. १५३४ साली वसई व साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला. मधल्या दोनशे वर्षांत येथील शेतकरी-कोळ्यांची गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. पलीकडच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत चर्च झाले. वरच्या मठाच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. त्याच काळात गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने ही कथा मराठी ओवीत बसविली, ते ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. म्हणजे आदाम आणि हव्वा आपल्या भाषेत चारशे वर्षे नांदत आहेत. इतकी वर्षे नांदलेल्यांच्या सुनेचे माहेर विचारले तर त्यात अपमान कसला?

माहेराचा प्रश्न असा. आदाम-हव्वेस दोन मुलगे झाले, काइन व हाबेल. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. दोघांनी आपापली भेट देवापुढे ठेविली. मेंढपाळाची देवाने मानून घेतली, शेतकऱ्याचे पीक मानले नाही. का, ते पुस्तकात स्पष्ट नाही. (पावसाळाभर चिखलात राबणाऱ्या माणसाने येथे क्षणभर तरी थांबावे.) काइनाने रागाच्या भरात भावाचा जीव घेतला. देवाने त्यास हाकलले, तेव्हा वाटेत जो भेटेल तो आपणास ठार मारील अशी भीती त्याने बोलून दाखविली. आता भेटणार कोण? पुस्तकाने नावानिशी सांगितलेली माणसे उरली तीन. पुढे तो नोद देशात राहिला, त्याच्या बायकोस मुलगा झाला व त्याने एक नगर बांधले.

आपल्याकडे सोयरीक जमविताना पहिला प्रश्न असतो, मुलगी कोठली? तोच येथे लागू. आणि नगर म्हणजे काही खोपटे नव्हे. पाया खणावयास गडी पाहिजेत, भिंतीला गवंडी, दारांना सुतार, पाण्याला कुंभाराची मडकी. लोखंड-पितळेच्या हत्यारांचे काम करणारा लोहार तर त्याच पुस्तकात कित्येक पिढ्यांनी पुढे येतो. मग या नगराचे खिळे कोणी घडविले? हा प्रश्न पंडितास सुचणार नाही कदाचित, पण आमच्या सुतार-लोहारास सुचल्यावाचून राहणार नाही.

धर्मगुरूंचे उत्तर आहे, तेही सांगितले पाहिजे. पाचव्या अध्यायात आदामास आणखी मुलगे व मुली झाल्याचा उल्लेख आहे. त्यावरून काइनाने बहिणीशीच लग्न केले असे ते म्हणतात. सोळाशे वर्षांमागे संत ऑगस्टीन यांनीही आरंभी दुसरा उपाय नव्हता असेच लिहिले. पण बायबलाच्याच तिसऱ्या पुस्तकात बहीण-भावाच्या संबंधास सक्त मनाई आहे. माझा मुद्दा इतकाच की, अडचण खुद्द संतास दिसली व त्याने तिला हात घातला. मग आमच्या पोराने तोच प्रश्न विचारला तर त्याच्या पाठीत धपाटा का?

आणखी प्रश्न आहेत. पहिल्या अध्यायात आधी पशू होतात आणि मग पुरुष व स्त्री. दुसऱ्या अध्यायात पुरुष आधी, पशू मागाहून व स्त्री शेवटी, पुरुषाच्या फासळीतून. सूर्य चौथ्या दिवशी, पण दिवस-रात्र पहिल्या दिवसापासून. फासळीचे म्हणाल तर पुरुषाची एक कमी असते अशी समजूत पुष्कळ ठिकाणी होती. कोणत्याही दवाखान्यात विचारा, दोघांसही बारा जोड्याच असतात.

आता या कथेतील मला मोलाची वाटलेली गोष्ट सांगतो. देवाने मातीचा मनुष्य घडविला असे जेथे म्हटले आहे, तेथे मूळ हिब्रू भाषेत कुंभाराच्या घडविण्यास जो शब्द लावतात तोच वापरला आहे. आदाम हे नावही माती या अर्थाच्या शब्दाशी जुळते. म्हणजे तेथे देव कुंभाराचे काम करितो! त्याहून जुनी एक कथा इराकच्या बाजूस मातीच्या विटांवर लिहिलेली सापडली. तीतही मनुष्य मातीचाच, पण कशासाठी? धाकट्या देवांस कालवे खणण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांच्या जागी राबावयास. कथा मनुष्याच्या जन्माची दिसते, पण तिच्या पोटात वेठबिगारीचा हुकूम दडलेला असतो.

आमच्याकडील हुकूम सर्वांस ठाऊक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात विराट पुरुषाचे मुख ब्राह्मण झाले, बाहू क्षत्रिय, मांड्या वैश्य, आणि पायांपासून शूद्र झाला. तेथे देव कुंभाराचे काम करीत नाही, उलट कुंभार देवाच्या पायाखाली जातो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या कथेची उलटतपासणी केली. मुखातून मूल जन्मले तर गर्भ वाढला कोठे, असे रोखठोक प्रश्न त्यांनी घातले. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केले. त्याच अमेरिकेतील गुलामांचे मालक बायबलाचाच दाखला देत असत: नोहाने हाम नावाच्या मुलाच्या वंशास शाप दिला, म्हणून काळा माणूस जन्माचा चाकर. पुस्तकात शाप आहे तो हामाच्या मुलास, कनानास. कातडीच्या रंगाचा तेथे शब्दही नाही. एवढे वाचून पाहण्याची तसदी घेतली असती तर कित्येकांच्या पाठीवरचे वळ वाचले असते.

आता पुस्तके बाजूला ठेवून पायाखालच्या जमिनीची साक्ष काढू. जेम्स अशर नावाच्या बिशपने वंशावळ्यांची बेरीज करून १६५० साली जग ख्रिस्तापूर्वी ४००४ साली झाले असे छापले, म्हणजे आजपासून सुमारे सहा हजार वर्षांमागे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तुम्ही पाहिली असेल. उभ्या काळ्या कातळाचे खांब, माथ्यावर गावदेवी. तो कातळ ज्वालामुखीच्या रसाचा असून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे, अशरच्या जगाच्या अकरा हजार पट. कांदिवलीजवळ टॉड नावाच्या गृहस्थास अश्मयुगातील दगडी हत्यारे मिळाली व १९३९ साली त्याने त्यांवर निबंध छापला. म्हणजे आदामाच्या हिशोबाच्या किती तरी आधी येथे माणसे दगड फोडून धार लावीत होती. नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ साली आपल्याहून वेगळ्या, जुन्या माणसाच्या कवटीचा भाग सापडला. आपल्या जातीच्या, म्हणजे मनुष्यजातीच्या, सर्वांत जुन्या हाडांपैकी काही मोरोक्को देशात मिळाली. ती तीन लाख वर्षांची असल्याचे २०१७ साली जाहीर झाले.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांनीही एक हव्वा शोधली आहे ना? खरे आहे. आईकडूनच लेकरांस मिळणाऱ्या एका अंशाचा माग काढीत १९८७ साली तीन शास्त्रज्ञ आफ्रिकेतील सुमारे दोन लाख वर्षांमागच्या एका बाईपर्यंत पोहोचले. पण ती एकटी नव्हती. गावात आज शंभर घरे एकाच आडनावाची असतात, याचा अर्थ पूर्वी तेथे एकच घर होते असा नाही. इतर घरांत मुलगे झाले नाहीत व आडनाव बुडाले. येथे तेच, फक्त लेकींच्या बाजूने. हजारो माणसांच्या जमावातून आपण आलो, एका जोडप्यातून नव्हे. काइनाच्या सासऱ्याचा पत्ता लागतो तो असा.

रोमच्या धर्मपीठानेही येथे दार बंद केलेले नाही. १९५० साली पोप बारावे पायस यांनी शरीराच्या उत्क्रांतीचा शोध घेण्यास मोकळीक दिली, मात्र एकाच आदामाचा आग्रह सोडला नाही. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसत्या तर्काहून अधिक आहे असे मानले. तेव्हा आमच्या ख्रिस्ती बांधवांनी प्रश्नास भिण्याचे कारण नाही. पण त्यांस माझा एक वेगळा प्रश्न आहे, आणि तो कडू लागेल. आदाम सर्वांचा बाप असे चारशे वर्षे रविवारी ऐकूनही वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक आपापल्या जातीतच झाली, ती कोणत्या अध्यायाप्रमाणे? आणि हिंदू बांधवांनी हसू नये. विराट पुरुषाचे पाय आपणांस मान्य नाहीत असे सभेत सांगून आपण घरी जातो, व मुलाचे लग्न काढताना त्याच पुरुषाचा कोणता अवयव जवळचा ते मोजीत बसतो.

माझे बोलणे झाले. आता शंका विचाराव्यात. पुढे बसलेल्या मुलांनी आधी, मोठ्यांची पाळी नंतर.