अतिरिक्त मासा आणि आपली तळी



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सभांतून, कोर्टकज्ज्यांतून आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांतून झाले. तेव्हा माशांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. उत्तर एका शब्दात आहे. तो शब्द 'अतिरिक्त'. गिरण्यांच्या या गावात कामगाराने तो नोटिशीवर वाचलेला आहे. तो माशालाही लागतो, हे आम्हांला उशिरा कळले.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत स्टीलहेड नावाचा मासा समुद्रातून नदीत परत येतो. मत्स्यबीज केंद्राच्या गरजेहून जास्त मासे परतले, तर काही ठिकाणी ते टाकीच्या गाडीतून आतल्या तळ्यांत नेऊन सोडतात, आणि हौशी लोक गळ टाकून ते धरतात. तेथे हा हौसेचा मामला आहे. आपल्याकडे तो पोटाचा आहे.

आपले कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या तळ्यात वाढतात, पण तेथे वीत नाहीत. त्यांना पावसाळी वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज गंगेच्या खोऱ्यातून गोळा करून आगगाडीने दूरदूर न्यावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून हे मासे केंद्रातच विण्याची वाट दाखवली. रोहूची मादी वजनाच्या एका किलोमागे लाखाहून अधिक अंडी देते. त्यामुळे पावसाळ्यात केंद्रातले बीज कधी गरजेहून जास्त होते, आणि शिल्लक बीज जवळच्या तळ्यात ओतून मोकळे व्हावे, असा मोह होतो.

असे एक ओतणे आम्ही पाहिले आहे. तळ्याचे नाव सांगत नाही. भर दुपारी पिशव्या आल्या; फोटो निघाले; पिशव्या फाडून पिल्ले थेट पाण्यात सोडली. पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवावी, आतले-बाहेरचे पाणी सारखे होऊ द्यावे, हे काठावरचा म्हातारा भोई सांगत होता. त्याचे ऐकायला कोणाला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटे लागली होती. कागदावर मात्र तळे भरले होते.

जी जगतात त्यांचे काय? जिऱ्याएवढे पिल्लू मोठ्या जलाशयात सोडले, तर ते दुसऱ्या माशाचा घास होते. ते बोटाएवढे वाढवून सोडावे लागते. म्हणून तर त्याला बोटुकली म्हणतात. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीत आज चिलापीचे राज्य आहे. आफ्रिकेतल्या या जातीचा पहिला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. चिलापी अंडी तोंडात सांभाळते आणि साठल्या पाण्यातही विते. तिला केंद्राची गरज नाही. तिच्यासाठी टाकलेल्या बारीक जाळ्यात रोहूची बोटुकलीही अडकते. यावर भोयाला दोष देणे सोपे आहे. पण ज्याची आजची चूल आजच्या जाळ्यावर पेटते, त्याला उद्याचा मासा राखायला सांगणारे आपण, त्याच्या उद्याची हमी देतो काय?

आमचे मागणे तीन कलमांचे आहे. शिल्लक बीज तळ्याकाठच्या लहान तलावांत बोटाएवढे वाढवावे आणि ते काम मजुरी देऊन तेथल्याच मच्छीमार कुटुंबांना द्यावे. बीज सोडताना मोजणी मच्छीमार संस्थेच्या सभासदांसमोर व्हावी. आणि बारीक जाळे बंद करायचे, तर मोठ्या आसाचे जाळे आणि मासा वाढेपर्यंतची भाकरी आधी द्यावी, मग बंदी घालावी.

अतिरिक्त ठरलेल्या कामगाराला दुसऱ्या खात्यात पाठवले आणि तेथे त्याला मागच दिला नाही, तर त्याला आम्ही बदली म्हणत नाही. माशालाही तोच न्याय लावा. हिप्परग्याच्या तलावाकडे पुढच्या खेपेस फिरायला जाल, तेव्हा पाण्याबरोबर काठावरच्या माणसाशीही दोन शब्द बोला, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.