दूरचित्रवाणी संचावर संगणकाची अक्षरे



संगणकाच्या लहानशा पडद्याभोवती चाळीस मुले गोळा करून पाठ होत नाही. वर्गात सपाट दूरचित्रवाणी संच असेल तर तोच संगणकास जोडावा. एचडीएमआय तारेतून चित्र व ध्वनी दोन्ही जातात. जुन्या व्हीजीए तारेतून ध्वनी जात नाही.

खरी अडचण पुढेच येते. चित्राच्या कडा कापल्या जातात, पहिली ओळ अर्धीच दिसते, आणि संच बिघडला असे समजून तो बंद ठेवला जातो. वस्तुतः बिघाड काहीच नसतो. काचेच्या नळीच्या जुन्या संचांत कडा नीट उमटत नसत. म्हणून चित्र किंचित वाढवून त्या झाकण्याची रीत पडली, व ती सपाट संचांतही विनाकारण राहिली. संचाच्या चित्रविषयक पर्यायांत ‘स्क्रीन फिट’ अथवा ‘जस्ट स्कॅन’ असे काही आढळेल, ते निवडावे. ‘शार्पनेस’ही पुष्कळ उतरवावा. तो सिनेमाचे चित्र उठावदार करण्यासाठी असतो. अक्षरांभोवती मात्र तो फिकट रेघा ओढतो, आणि आपल्या लिपीतील अनुस्वार, मात्रा त्यांतच हरवतात.

बत्तीस इंची संच पुष्कळदा १३६६×७६८ बिंदूंचेच असतात. त्यांवर बारीक अक्षर सुबक दिसावे ही अपेक्षाच नको. अक्षर मोठे करावे. मग शेवटच्या रांगेत स्वतः खाली बसून ‘मद’ व ‘मंद’ हे शब्द वेगळे वाचता येतात की नाही, ते पाठापूर्वी पाहावे.